अख्खा ग्रहच तुरुंग असेल तर? नाशिकच्या पोरांनी ही शिक्षा शंभर वर्षांपूर्वीच भोगलीय

सायन्स फिक्शनवाल्यांचा एक लाडका फंडा आहे. गुन्हेगारांसाठी तुरुंग बांधत बसायचं नाही, त्यांना थेट एका ग्रहावर नेऊन सोडायचं. चारी बाजूंनी अंतराळ. पळून पळून जाणार कुठं?

1992 चा 'एलियन 3' अशाच तुरुंग-ग्रहावर घडतो. 2004 च्या 'द क्रॉनिकल्स ऑफ रिडिक'मध्ये तर असा ग्रह आहे जिथं दिवसा जमिनीवर आलं की माणूस जळून खाक.

हाच फंडा रोलप्लेइंग गेममध्येही आला. म्हणजे चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, एक जण गेम मास्टर होऊन जग रचतो, बाकीचे त्या जगातली पात्रं होतात आणि फासे टाकत गोष्ट पुढं नेतात. 1977 साली आलेला 'ट्रॅव्हलर' हा अंतराळातला असाच एक गाजलेला गेम. त्याच्या एका साहसकथेचं नावच होतं 'प्रिझन प्लॅनेट', साल 1982.

पण असा ग्रह रचायला बसलं की तीन प्रश्न येतात. कैदी पळून का जात नाहीत? एवढा मोठा तुरुंग चालवतं कोण? आणि कैदी यायच्या आधी तिथं कोण राहत होतं?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्याकडं आहेत. कारण ब्रिटिशांनी असा 'ग्रह' खरोखर चालवला होता.

त्याचं नाव अंदमान. लोक म्हणायचे काळं पाणी.

नाशिकचा संबंध काय?

1909 साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, ती सरकारविरोधी कविता छापल्याबद्दल. त्यांना अंदमानला धाडण्यात आलं. त्याच वर्षी 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या.

कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. याच प्रकरणातले वामन जोशी अंदमानला गेले. आणि नाशिकजवळच्या भगूरचे विनायक सावरकर, त्यांना दोन जन्मठेपा मिळून 50 वर्षं. शिक्षा लागली 1910 मध्ये, म्हणजे सुटका 1960 ला.

मद्रासहून 'महाराजा' नावाच्या बोटीनं कैदी नेले जायचे. सावरकर 4 जुलै 1911 ला तिथं पोचले.

आता पहिला प्रश्न. पळून का जात नाहीत?

मार्च 1858 मध्ये 1857 च्या उठावातले 200 कैदी अंदमानात उतरवले गेले, तेव्हा तिथं धड तुरुंगच नव्हता. कैद्यांनीच जंगल तोडायचं, कैद्यांनीच वसाहत उभी करायची. भिंतीची गरज नव्हती, कारण भारताचा किनारा सुमारे 1,200 किलोमीटर लांब होता.

तरीही लोक पळाले. जंगलातून चालत गेलं की ब्रह्मदेश लागेल, असं काहींना वाटत होतं. प्रत्यक्षात जंगल संपलं की पुन्हा समुद्रच. सुपरिटेंडंट वॉकरनं पकडून आणलेल्या ऐंशीहून जास्त कैद्यांना फासावर चढवलं.

मग प्रसिद्ध सेल्युलर जेल कशाला बांधलं? ते 1896 ते 1906 या काळात झालं. मधे एक मनोरा, त्याच्याभोवती सात तीनमजली इमारती आणि जवळपास 700 कोठड्या. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडं, म्हणजे समोरच्या कैद्याचा चेहराही दिसायला नको.

समुद्र होता पळू नये म्हणून. कोठड्या होत्या एकमेकांशी बोलू नये म्हणून.

दुसरा प्रश्न. चालवतं कोण?

उत्तर आहे, कैदीच. आणि इथं अंदमान कुठल्याही गेमपेक्षा भारी निघतं, कारण तिथं चक्क लेव्हल होत्या.

नवा जन्मठेपेचा कैदी आला की पहिले सहा महिने सेल्युलर जेलच्या कोठडीत एकटा. पुढचं दीड वर्ष दुसऱ्या तुरुंगात इतरांसोबत कडक काम. मग तीन वर्षं बराकीत राहून टोळीनं मजुरी. त्यानंतरची पाच वर्षंही मजुरीच, पण आता छोटी पदं मिळू शकायची. दहा वर्षं नीट काढली तर 'तिकीट' मिळायचं. तिकीटवाला स्वतःची शेती करू शकायचा, गुरं पाळू शकायचा, स्त्री कैद्यांपैकी कुणाशी लग्नही करू शकायचा.

छोटी पदं म्हणजे वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडल, जमादार. हे सगळे स्वतः कैदी. कोलूला जुंपलेल्या माणसानं दिवसाचं 30 पौंड खोबरेल काढलं की नाही, यावर नजर ठेवणारा आणि कमी पडलं तर मारणारा माणूसही कैदीच असायचा. मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांना हजारो कैदी आवरले ते यामुळं. बंदुका होत्याच, पण रोजचं काम भागायचं ते पुढच्या लेव्हलच्या आशेवर.

नाशिकच्या कैद्यांसाठी मात्र ही शिडी जवळपास बंदच होती. खून-दरोड्यातले कैदी सहा महिन्यांत कोठडीतून बाहेर पडायचे, राजकीय कैदी वर्षानुवर्षं आतच. सावरकरांनी 1913 च्या अर्जात हीच तक्रार केली होती. दोघं भाऊ 1921 मध्ये अंदमानातून बाहेर पडले, तेही मुख्य भूमीवरच्या तुरुंगात जायला.

तिसरा प्रश्न, जो गेमवाले बहुतेकदा विसरतात

तो ग्रह रिकामा नव्हता.

दूधनाथ तिवारी नावाचा कैदी 1858 मध्ये पळाला. अंदमानी आदिवासींनी त्याच्या टोळीवर हल्ला केला. तो वाचला आणि वर्षभर त्यांच्यातच राहिला. पण 1859 मध्ये ते ब्रिटिशांच्या वसाहतीवर हल्ला करणार हे कळताच त्यानं येऊन ब्रिटिशांना खबर दिली. ॲबर्डीनची लढाई आदिवासी हरले. तिवारीला माफी मिळाली.

त्यानंतर वसाहत वाढत गेली, बाहेरचे रोग आले. वसाहत सुरू झाली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंच्या संख्येनं होते. 1901 च्या जनगणनेत 625 उरले. 1961 च्या जनगणनेत फक्त 19.

शिक्षा कैद्यांना होती. ग्रह गेला तो ज्यांचा होता त्यांचा.

मग हा तुरुंग बंद कसा झाला?

1933 मध्ये राजकीय कैद्यांनी उपोषण केलं. त्यात महावीर सिंग, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास यांचा मृत्यू झाला. 1937 मध्ये पुन्हा मोठं उपोषण झालं आणि 1938 च्या सुरुवातीपर्यंत राजकीय कैदी परत आणले गेले. ज्या कोठड्या माणसं एकत्र येऊ नयेत म्हणून बांधल्या होत्या, तिथली माणसं एकत्र उपाशी राहिली. 1942 मध्ये जपान्यांनी बेटं घेतली. 1945 मध्ये ब्रिटिश परतले आणि कैद्यांची वसाहत कायमची मोडली.

पण सगळे परत गेले नाहीत. तिकिटावर संसार थाटलेल्या कैद्यांची पुढची पिढी तिथंच वाढली. त्यांचे वंशज आजही अंदमानात राहतात आणि स्वतःला 'लोकल बॉर्न' म्हणवतात. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, सेल्युलर जेल तिथंच उभं आहे.

त्यामुळं कधी मित्रांसोबत तुरुंग-ग्रहाचा गेम रचायला बसलात, तर खेळाडूंना नुसतं 'पळून दाखवा' म्हणू नका. दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढं वॉर्डरचा पट्टा ठेवा. सोबतच्या कैद्यांवर नजर ठेवली तर जेवण बरं मिळेल, कोलू सुटेल, दहा वर्षांनी जमीनही मिळेल.

घ्यायचा की नाही, ते त्यांनी ठरवायचं. अंदमानात हा प्रश्न खऱ्या माणसांपुढं होता.