उभ्या गाडीची राखण

२०२३ च्या गणपतीला आम्ही गावी, जालन्याला होतो. चतुर्थी १९ सप्टेंबरची. विसर्जन आटोपून जगतपुऱ्याला परतलो तोवर गाडी बारा दिवस एकाच जागी उभी होती. किल्ली फिरवली, तर नुसता टक् असा आवाज आला. दुसऱ्यांदा तोही आला नाही. काचेला चिकटवलेला डॅशकॅम मुका होता. ज्याला गाडीची राखण करायला ठेवलं, त्यानेच बॅटरी पिऊन टाकली होती, आणि चूक त्याची नव्हती, माझी होती. त्या दिवसापासून आजपर्यंतचा हा मागोवा.

आधी जागा सांगायला हवी. जगतपुरा जयपूरच्या आग्नेयेला, विमानतळापासून जवळ. महाल रोडच्या दोन्ही अंगांनी वीसेक वर्षांत एवढे टॉवर उभे राहिले, की इथे पूर्वी शेतं होती हे नव्या माणसाला सांगून पटत नाही. अक्षय पात्रचं मंदिर, नेमबाजीची रेंज, गेटोर जगतपुरा हे छोटं स्टेशन, मधेमधे कॉलेजं, आणि फ्लॅटच फ्लॅट. घरं वाढली त्या हिशेबात गाडी लावायची जागा वाढली नाही. आमच्या इमारतीत छताखालच्या जागा आधी आलेल्यांच्या. आमची गाडी बाहेर, कुंपणाच्या भिंतीला लागून, रस्त्याच्या कडेला. २०२२ च्या उन्हाळ्यात मागच्या डाव्या दारावर कुणीतरी हातभर ओरखडा काढून गेलं. कोण, कधी, काहीच कळलं नाही. जूनमध्ये मी डॅशकॅम घेतला.

डॅशकॅम ही काही नवलाई राहिलेली नव्हती. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, तिची चित्रं जगाने पाहिली ती मुख्यतः मोटारींच्या काचेवरच्या कॅमेऱ्यांतून. आपल्याकडे पुढे जुलै २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई एक्स्टरसारख्या लहान गाडीतही कंपनीने तो बसवून दिला. पण रस्त्यावरचा अपघात टिपणं आणि उभ्या गाडीवर नजर ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक गाड्यांत किल्ली काढली की लायटर सॉकेट मरतं आणि कॅमेरा झोपतो. माझ्या गाडीला ओरखडा पडला तो उभी असताना. म्हणजे मला हवा होता तो पहारा नेमका किल्ली काढल्यावरचा.

त्यावरचा सरळ उपाय हार्डवायर किट. तीन वायरी: पिवळी बॅटरीच्या सततच्या फ्यूजवर, लाल इग्निशनच्या फ्यूजवर, काळी गाडीच्या बॉडीला. लाल वायरीतली वीज गेली की कॅमेऱ्याला कळतं, गाडी उभी राहिली. तो पार्किंग मोडमध्ये जातो आणि पिवळीवर जगतो. बॅटरी फार उतरू नये म्हणून किटवर कट-ऑफची बारीक कळ असते. माझी ११.८ व्होल्टवर होती. दुकानातून आली तशीच. मी बघितलंसुद्धा नव्हतं.

बॅटरी भरलेली असेल तर थोडी विश्रांती घेतल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. ११.८ म्हणजे जवळजवळ तळ. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे ढोबळ ४२० वॅट-तास. कॅमेरा आणि त्याचा अडॅप्टर मिळून चारेक वॅट खातात. दिवसाचे झाले ९६. दोन दिवसांत निम्मी बॅटरी संपते आणि चार दिवसांत तळ दिसतो. त्यानंतर किटने कॅमेरा तोडला खरा, पण घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक हे गाडीचे स्वतःचे बारीक खर्च उरलेले आठ दिवस चालूच होते. शिवाय जयपूरचे दोन उन्हाळे सोसलेली बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य थंडी खाते त्याहून जास्त उष्णता खाते. थंडी फक्त सकाळी सेल्फ मारताना ते उघडं पाडते.

ट्रान्सपोर्टनगरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने नवी बॅटरी बसवली, कट-ऑफ १२.२ वर नेला आणि म्हणाला, ‘‘भाईसाहब, कैमरे को अलग बैटरी दे दो, गाड़ी की गाड़ी को रहने दो.’’ मला ते पटलं. खास डॅशकॅमसाठीचे बॅटरी पॅक असतात, पण ते महाग, आणि दुसऱ्या कशाच्या उपयोगाचे नाहीत. मे-जूनमध्ये इथे आंधी आली की तास-दोन तास वीज जाते, वायफाय बंद पडतं. दोन्ही कामं करील असा २५६ वॅट-तासांचा छोटा पॉवर स्टेशन आम्ही त्या दिवाळीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, घेतला. साडेतीन किलोचा डबा. आत लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल, बाहेर एक १२ व्होल्टचं सॉकेट, यूएसबीची तोंडं आणि घरच्या प्लगसारखा एसी पॉइंट. तो पुढच्या डाव्या सीटसमोर पायाशी ठेवला, यूएसबी केबल कॅमेऱ्याला लावली, आणि काम झालं असं समजून झोपलो.

सकाळी पाहिलं तर रात्रीचं रेकॉर्डिंग दोन तासांतच थांबलेलं. डबा भरलेला, केबल जागेवर. या डब्यांना वीज वाचवायची सवय लावलेली असते: भार फार थोडा आहे असं दिसलं की काही वेळाने ते तोंड आपोआप बंद करतात. तीन-चार वॅट त्याच्या हिशेबात नसल्यासारखेच. ॲपमध्ये शिरून ती वेळ ‘कधीच नाही’ अशी केली तेव्हा कॅमेरा रात्रभर जागा राहिला. हा डबा या कामासाठी घेणाऱ्याने दुकानातच विचारावं, की थोड्या भारावर तोंड उघडं ठेवता येतं का. क्षमता किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी अडचण आणखी बारीक. यूएसबीवरून वीज दिली की कॅमेऱ्याला गाडी उभी आहे की चालू, हे कळायला मार्गच उरत नाही, कारण ती बातमी आणणारी लाल वायर सुटलेली असते. काही कॅमेरे थोडा वेळ हालचाल नसली की आपणहून पार्किंग मोडमध्ये जातात. माझा जात नव्हता. तो रात्रभर पूर्ण वेगाने चित्रण करी आणि १२८ जीबीचं कार्ड सतरा-अठरा तासांत भरून जुनं पुसायला लागे. पुन्हा ट्रान्सपोर्टनगर. इलेक्ट्रिशियनने किटची पिवळी आणि काळी वायर एका लायटर प्लगला जोडून तो डब्याच्या १२ व्होल्टच्या सॉकेटात घातला, आणि लाल वायर गाडीच्या इग्निशन फ्यूजवरच ठेवली. तरी कॅमेऱ्याला काही कळेना. मग त्याने काळ्या वायरीचा एक फाटा गाडीच्या बॉडीलाही दिला, तेव्हा जमलं. वीज एका घरची आणि निरोप दुसऱ्या घरचा असेल, तर दोघांची जमीन एक असावी लागते. हे मला त्याने पान-दोन पानं वाचायला न लावता, हातानेच समजावलं. त्याच्या हातातलं ज्ञान मोठं आहे.

मग वीज पुरेना. २५६ पैकी प्रत्यक्ष हाती येतात सव्वादोनशेच्या आत. काही रूपांतरात जाते. सॉकेट चालू ठेवायलाच डबा स्वतः दोनेक वॅट खातो. म्हणजे एकूण सहा वॅट, भरलेल्या डब्यावर दीड दिवस. एसी पॉइंट चालू ठेवला असता तर यातलाही मोठा वाटा इन्व्हर्टरने गिळला असता. डॅशकॅमसाठी त्याला हात लावू नये. माझं ऑफिस सीतापुऱ्याला, जाऊन-येऊन पन्नास मिनिटं. तेवढ्या वेळात गाडीच्या सॉकेटातून शंभरेक वॅटने ८० वॅट-तास आत येतात आणि उरलेल्या तेवीस तासांत १४० जवळ बाहेर जातात. तूट रोजची साठ. म्हणून बुधवारी आणि शनिवारी डबा वर न्यायचा आणि भिंतीच्या प्लगवर भरायचा, असा नेम बसला. तो हिवाळा फार चांगला गेला. नव्या बॅटरीने एकदाही दगा दिला नाही, आणि पहाटेच्या धुक्यात भिंतीवर उतरणारे मोर कार्डावर सापडले.

१४ जानेवारीला मात्र वेगळंच झालं. जयपूरची संक्रांत म्हणजे पतंग. सकाळपासून पोरं कटलेल्या पतंगांमागे गाडीसमोरून धावत होती, आणि हालचाल दिसली की क्लिप जपून ठेवणाऱ्या कॅमेऱ्याने दुपारपर्यंत जपून ठेवायच्या फोल्डरची सगळी जागा भरून टाकली. तेव्हापासून हालचालीचं चित्रण बंद करून फक्त धक्क्याचं चालू ठेवलं. त्याच सुमारास समोरच्या भाभीजींनी विचारलं, की हा कॅमेरा आमच्या दाराकडेच बघतो ना? त्यांचं बरोबर होतं. कॅमेऱ्याचा कोन खाली केला, मायक्रोफोन कायमचा बंद केला, आणि क्लिप कुणालाही गंमत म्हणून दाखवायची नाही हे घरात ठरवलं. आपल्या गाडीच्या राखणीसाठी शेजाऱ्यांचं येणं-जाणं नोंदायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

खरी परीक्षा एप्रिल २०२४ पासून सुरू झाली. राजस्थानातल्या फलोदीने मे २०१६ मध्ये ५१ अंश पाहिले आहेत. जयपूर तेवढं तापत नाही, तरी मे २०२४ मध्ये ४५ ओलांडून गेलंच. उन्हात बंद उभ्या गाडीत बाहेरच्याहून वीसेक अंश जास्त होतात, काचेजवळ त्याहून जास्त. एका दुपारी बाहेर ४३ असताना मी पायाशी थर्मामीटर ठेवला, त्याने ५४ दाखवले. लिथियम सेल साधारण ४५ अंशांपर्यंत चार्जिंग घेतात आणि ६० पर्यंत वीज देतात, तेही सेलच्या आतल्या तापमानात. त्या दिवशी डब्यावर उष्णतेचं चिन्ह उमटलं आणि सॉकेट बंद पडलं. संध्याकाळी गाडी सुरू केली, एसी लावला, तरी घरी पोहोचेपर्यंत डब्याने चार्जिंग घेतलं नाही. आतले सेल अजून निवले नव्हते. म्हणजे दिवसा पहारा नाही आणि प्रवासात भरणाही नाही.

बायको म्हणाली, ‘‘ज्या गाडीत मुलं बसतात तिच्यात ही भट्टीतली बॅटरी नको.’’ मी सांगू लागलो, की आयर्न फॉस्फेटचे सेल इतर लिथियम सेलपेक्षा उष्णतेला बरेच टिकतात. ते खरं आहे. पण टिकतात म्हणून रोज भाजायचे असं नाही, हे तिचं म्हणणं जास्त खरं होतं. डबा वर आला.

दोन आठवडे कॅमेरा किल्लीबरोबर झोपत होता. मग मी दोन वर्षांच्या नोंदी काढून बसलो. गाडीला धक्का लागल्याच्या ज्या क्लिप होत्या त्या जवळजवळ सगळ्या रात्री अकरा ते पहाटे पाचच्या. दिवसा रस्ता जागा असतो आणि इमारतीचा गार्ड समोर असतो. चोवीस तास पहारा हवा, हे मी मनाशी धरून ठेवलं होतं. गाडीने तसं कधी मागितलं नव्हतं. तेव्हापासून उन्हाळ्यात रात्री दहाला डबा खाली जातो आणि सकाळी सातच्या आत वर येतो. नऊ तास, सहा वॅट, पन्नास-पंचावन्न वॅट-तास. माझ्या डब्याच्या निम्म्या क्षमतेच्या डब्यानेही भागलं असतं.

या रात्रपाळीचं मोल फेब्रुवारी २०२५ मध्ये कळलं. लग्नसराई होती. रात्री एकच्या सुमाराला तंबूवाल्याचा टेम्पो मागे घेताना आमच्या पुढच्या बंपरवर आला. नंबर प्लेट दिव्यांच्या चकाकीत वाचता येत नव्हती, पण फाळक्यावर रंगवलेलं दुकानाचं नाव स्वच्छ दिसलं. गार्डने माणूस शोधून आणला. त्याने फोनवर क्लिप पाहिली, हात जोडले आणि आपल्या ओळखीच्या गॅरेजात काम करून दिलं. आवाज चढवायची कुणावरच वेळ आली नाही.

रात्री जालन्याच्या मामांना फोन केला. ते वकील. कौतुक करण्याआधी त्यांनी विचारलं, ‘‘अरे, फोनवर क्लिप घेतलीस ते ठीक, पण मूळ कार्ड बाजूला काढलंस का?’’ काढलं नव्हतं. मग त्यांनी मला आमच्याच गावचा खटला ऐकवला. २०१४ च्या विधानसभेला जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, आणि त्यांचा अर्ज २७ सप्टेंबरला तीन वाजायच्या आत दाखल झाला की नंतर, यावर कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० च्या निकालाने साऱ्या देशासाठी नियम पक्का केला: चित्रणाची प्रत द्यायची तर कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागतंच, मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केलं तर लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने ही प्रमाणपत्राची अट पुढे चालवली, आणि नमुन्यात फाइलची हॅश म्हणजे तिचा अंकी ठसा नोंदवायला सांगितलं. टेम्पोवाला सज्जन निघाला म्हणून निभावलं. उद्या कुणी जायबंदी झालं, तर व्हॉट्सॲपवरून फिरलेली, दाबून लहान झालेली क्लिप तोकडी पडेल. आता गाडीच्या कप्प्यात एक कोरं कार्ड असतं; काही घडलं की जुनं काढून पाकिटात घालायचं, वर तारीख लिहायची, नवं बसवायचं.

२०२५ चा उन्हाळा याच पद्धतीने पार पडला. ऑक्टोबर ते मार्च डबा गाडीतच राहतो, एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत फक्त रात्री. किटची पिवळी वायर पुन्हा गाडीच्या बॅटरीला लावलेली नाही. गावाला जाताना कॅमेरा बंद करूनच जातो. दहा दिवसांचा पहारा या डब्याच्या आवाक्यातला नाही, आणि त्या काळात गार्डला सांगून जाणं जास्त भरवशाचं ठरलं आहे.

जयपुरात, विदर्भात, मराठवाड्यात, जिथे उन्हाळा चाळिशी ओलांडतो तिथे कुणी ही सोय करणार असेल तर एवढी विनंती आहे: हार्डवायर किट असेल तर कट-ऑफ आजच बघून १२.२ वर न्या, आणि पॉवर स्टेशन असेल तर एप्रिल लागला की तो सकाळी गाडीतून वर आणा.