‘सागवानाला काय होतंय?’

कोकणात होमस्टे बांधणारा असो, मुळशीत फार्महाऊस उभारणारा असो की गोव्यात जुनं घर घेऊन त्यावर एक खोली चढवणारा. बाहेरून लाकडी जिना काढायचा म्हटला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. “सागवान वापरतोय हो, सागवानाला काय होतंय?” एवढं म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न मिटतात. खांब कशावर उभे राहणार, पाणी कुठून निघून जाणार, कठडा कशाला जोडलाय, हे कुणी विचारतच नाही. मग चार-पाच पावसाळ्यांनंतर पायरीचं टोक अंगठ्यानं दाबलं तरी आत जातं आणि सगळं खापर वखारवाल्यावर फुटतं: “माल खोटा दिला.” माल बहुतेक वेळा बरा असतो. खोटी असते ती समजूत.

सागवान टिकाऊ आहे याबद्दल वाद नाही. पण किती टिकाऊ, याचं मोजमाप झालेलं आहे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत वेगवेगळ्या लाकडांच्या खुंट्या जमिनीत पुरून ठेवतात आणि त्या किती महिन्यांत निकामी होतात हे पाहतात. त्यावरून भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४०१ मध्ये, लाकडांचे तीन वर्ग केले आहेत. सरासरी १२० महिने किंवा त्याहून जास्त टिकलं तर पहिला वर्ग, ६० ते १२० महिने टिकलं तर दुसरा आणि त्याखाली तिसरा. सागवानाचा गाभा पहिल्या वर्गात येतो. आता हे १२० महिने म्हणजे दहा वर्षं. खुंटी जेमतेम ५ सेंटिमीटर जाडीची असते, त्यामुळे जाड खांब अधिक तग धरेल, हे मान्य. तरीही पहिल्या वर्गाचा अर्थ ‘कुजायला वेळ लागतो’ एवढाच आहे. ‘कुजत नाही’ असा वर्ग मानकात नाही, कारण तसं लाकूडच नाही.

शिवाय हा पहिला वर्ग फक्त गाभ्याचा. सालीलगतचं पांढुरकं लाकूड कोणत्याही झाडाचं घेतलं तरी कच्चंच असतं, सागाचंही. बुरशी आणि कीड यांना रोखणारी द्रव्यं गाभ्यात साठतात, त्या बाहेरच्या कड्यात नाहीत. कमी वयाच्या, लहान घेराच्या सागाच्या ओंडक्यात हा पांढरा भाग प्रमाणाने जास्त निघतो. फळीवर तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, पण एकदा पॉलिशचा हात फिरला की सोनेरी गाभा आणि पांढरी कड एकाच रंगाची होतात. म्हणून बाहेरच्या जिन्याची लाकडं पॉलिश व्हायच्या आधी बघून घ्यावीत.

इथपर्यंत ऐकून घेणारा माणूस मग हुकमी पत्ता काढतो. “अहो, कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांचं सागवान आहे!” आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी अजून आहेत आणि त्या बघून मान आदराने झुकते. पण लेण्यात शिरायच्या आधी जरा बाहेर थांबून दर्शनी भिंतीकडे बघा. तिथे एके काळी लाकडी सज्जा होता. तो गेला. दगडात उरल्या आहेत त्या नुसत्या खाचा. समोरच्या भाजे लेण्यांत तर चैत्यगृहाची सबंध दर्शनी बाजूच लाकडी होती. तीही गेली आणि तिची लाकडं बसवायची भोकं तेवढी खडकात राहिली. आतलं टिकलं कारण त्याच्यावर अख्ख्या डोंगराचं छप्पर आहे. बाहेरचं गेलं कारण त्याने दर पावसाळा अंगावर घेतला. म्हणजे ज्या पुराव्यावर सागवानवाल्यांची मदार आहे, तोच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो.

आजोबांच्या घराचा दाखलाही असाच. “आमच्या घराला दीडशे वर्षं झाली, एक खांब हलला नाही.” नसेल हलला. त्या खांबाखाली दगडी तळखडा आहे ना? लाकूड मातीला टेकूच नये म्हणून तो घातलेला असतो. घराचे पाखे भिंतीच्या चांगले बाहेर आलेले, पागोळ्या खांबापासून लांब पडणाऱ्या, पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला झापं बांधलेली. लाकडी जिना होता तो घरात, माळ्यावर जायला. अंगणातून ओटीवर यायच्या पायऱ्या मात्र चिऱ्याच्या नाहीतर दगडाच्या. बाहेर काय ठेवायचं आणि आत काय, हे जुन्या सुतारांना नेमकं ठाऊक होतं. आपण त्यांचं लाकूड तेवढं उचललं आणि अक्कल तिथेच सोडली.

उलट बाजूचं उदाहरण नॉर्वेतलं. उर्नेसचं लाकडी चर्च बाराव्या शतकातलं. ते १९७९पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ते सागाचं नाही, पाइनचं आहे, म्हणजे ज्याला आपल्याकडे खोक्याचं लाकूड म्हणून नाकं मुरडतात त्याच जातकुळीचं. त्याच्याही आधी तिकडच्या चर्चचे खांब थेट जमिनीत रोवायचे आणि ते बुंध्याशी कुजायचे. पुढे खांब दगडावर ठेवलेल्या आडव्या तुळयांवर उभे करायला लागले आणि आयुष्य शतकांनी वाढलं.

कारण साधं आहे. लाकूड कुजवते ती बुरशी आणि बुरशीला पाणी लागतं. लाकडातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आत राहिली तर ती वाढू शकत नाही. साधारण २८-३० टक्क्यांच्या पुढे मात्र तिची चंगळ होते. कोकणात चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा उघड्यावरचं लाकूड भिजणारच, ते टाळता येत नाही. आपल्या हातात असतं ते एवढंच, की भिजलेलं लाकूड किती लवकर सुकेल. उघड्या जिन्याची सारी रचना या एका प्रश्नाभोवती फिरते. लाकडाची जात त्यानंतर येते.

लाकूड कुठे सुकत नाही? जिथे पाणी अडकतं तिथे. फळीचं कापलेलं तोंड पाणी सर्वांत जास्त ओढतं, कारण झाडाच्या रसवाहिन्या तिथे उघड्या पडतात. फळीच्या सपाट अंगापेक्षा तिथून कित्येक पटींनी पाणी आत जातं. म्हणून पायरी कुजते ती टोकांशी आणि खांब कुजतो तो तळाशी. घरातल्या जिन्यात पायरीचं टोक बाजूच्या तिरक्या फळीत खाच पाडून घट्ट बसवतात. आत ते काम देखणं आणि मजबूत. बाहेर तीच खाच पाण्याची वाटी होते आणि फळीचं तोंड चार महिने त्या वाटीत बुडून राहतं. उघड्यावरच्या जिन्याला पायऱ्या खालून धातूच्या ब्रॅकेटवर बसवाव्यात आणि फळीच्या टोकाशी हवा खेळेल एवढी फट सोडावी. पायरी एका रुंद फळीची करण्याऐवजी दोन-तीन फळ्यांची करून मध्ये ५ ते ८ मिलिमीटर अंतर ठेवावं. तिला पुढच्या बाजूला किंचित उतार द्यावा. करवतीने कापलेलं प्रत्येक तोंड जोडण्याआधी संरक्षक द्रव्याने भरपूर भिजवून घ्यावं. कारखान्यात प्रक्रिया करून आलेलं लाकूडसुद्धा जागेवर कापलं की आतून कोरंच निघतं, तेव्हा हा हात त्यालाही फिरवायचा.

आता खांबाकडे वळू. “काँक्रीटमध्ये गाडलाय, हत्ती आला तरी हलणार नाही” हे ऐकलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. काँक्रीट स्वतः ओल धरून ठेवतं. लाकूड उन्हाळ्यात आक्रसतं, भोवती केसभर फट पडते, पावसाळ्यात त्या फटीत पाणी उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. खांब जमिनीच्या पातळीला आतून पोकळ होतो, वरून ठणठणीत दिसतो. शिवाय वाळवीला जमिनीतून सरळ रस्ता मिळतो. काँक्रीटचा किंवा दगडाचा पाया जमिनीच्या वर वीतभर काढावा, त्यात धातूची बेसप्लेट बसवावी आणि खांब तिच्यावर असा उभा करावा की त्याच्या तळाखालून हवा जाईल. हा आपला तळखडाच आहे, धातूचा.

बाकीचे गैरसमज एकेका दमात उरकू.

“जळकं ऑइल मारलं की लाकूड अमर.” वापरलेलं इंजिन ऑइल वरच्यावर बसतं, कुजवणाऱ्या बुरशीचं ते औषध नव्हे, पायरी मात्र निसरडी होते. त्यात जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं असतात, आणि मुलं कठड्याला हात लावतात. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, त्यामागे तरी अनुभव आहे. पण ते कच्चं तेल कातडी भाजतं, हे लावणाऱ्याला माहीत हवं.

“जाड ऑइलपेंट दिला, आता पाणी शिरणार नाही.” लाकूड फुगतं-आक्रसतं, रंगाचा थर तडकतो, पाणी तड्यांतून आत जातं आणि तोच थर त्याला बाहेर पडू देत नाही. बाहेरच्या लाकडाला आत मुरणारं तेल बरं. ते दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं. उन्हाने लाकूड राखाडी पडतं त्याला घाबरू नका, ते वरवरचं असतं.

“खिळे काय, कोणतेही चालतात.” सागवानातली द्रव्यं लोखंडाशी ओल्यात अभिक्रिया करतात आणि खिळ्याभोवती काळे ओघळ उतरतात. समुद्राजवळ ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्यावं, कारण खाऱ्या हवेत ३०४वरही गंजाचे डाग येतात. आणि जिन्याचा भार नुसत्या खिळ्यांवर कधीही टाकू नये, तिथे बोल्टच हवेत.

“पायऱ्यांना खाचा पाडल्यात, घसरायला होत नाही.” घसरवतं ते शेवाळ, आणि खाचांत ते जास्त साचतं. पावसाळ्यात कडक ब्रशने घासणं आणि पायरीच्या कडेला खरखरीत पट्टी बसवणं, हेच खरे उपाय.

“शेवटची पायरी थोडी कमी-जास्त झाली तर काय बिघडतं?” बरंच बिघडतं. दोन पायऱ्या चढल्या की पाय उंची लक्षात ठेवतो आणि पुढे डोळे बघत नाहीत. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत जेमतेम साडेनऊ मिलिमीटरचा फरक चालतो. आपल्याकडे जिना आधी उभा राहतो, मग अंगणात फरशी पडते आणि पहिली पायरी आपोआप दोन इंचांनी बुटकी होते. फरशीची अंतिम पातळी धरूनच मापं काढा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरगुती जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर हवी. पावसात भिजणाऱ्या जिन्याला १७० आणि २८० ठेवलं तर उत्तमच.

“घरच्याच चार माणसांसाठी आहे, भार कसला?” आयएस ८७५ मध्ये राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, जिन्यासाठी ३००. लग्नाचा ग्रुप फोटो कुठे काढतात ते आठवा, म्हणजे कारण कळेल. कठड्याच्या गजांमधलं अंतरही असंच हलक्यात घेतात. ब्रिटन-अमेरिकेत त्यातून सुमारे १०० मिलिमीटरचा चेंडू जाता कामा नये असा नियम आहे, कारण जिथून चेंडू जातो तिथून रांगत्या मुलाचं अंगही जातं.

शेवटचा गैरसमज सर्वांत घातक: “हलत नाही ना? मग मजबूत आहे.” शिकागोत २९ जून २००३ रोजी एका इमारतीच्या मागचे लाकडी सज्जे पार्टी चालू असताना एकावर एक कोसळले आणि १३ जण गेले. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेत १६ जून २०१५ रोजी पाचव्या मजल्याची बाल्कनी तुटली, सहा तरुण गेले. तिच्या लाकडी तुळया आतून कुजलेल्या होत्या आणि वरून काही दिसत नव्हतं. त्यानंतर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने भाड्याच्या बहुकुटुंबी इमारतींतल्या अशा बाहेरच्या बाल्कन्या, जिने आणि वाटा दर सहा वर्षांनी तपासण्याची सक्ती केली. आपल्याकडे होमस्टेच्या लाकडी जिन्यावर पाहुण्यांची झुंबड असते, आणि तपासणी म्हणजे दिवाळीत पॉलिशचा एक हात.

तपासणी घरच्या घरी होते. पाऊस सरला की ऑक्टोबरात आणि पुन्हा मेमध्ये एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या. खांबाचा तळ, पायऱ्यांची टोकं, भिंतीला टेकणारी फळी आणि कठड्याचे जोड इथे तो जोर देऊन टोचा. पातं सहज आत गेलं तर तो भाग बदलायचा, बुजवायचा नाही. जिना भिंतीला जिथे जोडलाय तिथले बोल्ट दर वर्षी आवळा. मजल्यावर जाणारा नवा जिना असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी आराखडा दाखवा. त्याची फी सागवानाच्या एखाद्या घनफुटापेक्षा जास्त असेल, पण दवाखान्याच्या बिलापेक्षा ती नक्कीच कमी असते.

आणि सुताराशी बोलताना क्रम बदला. पाणी कुठून जाणार, फळीचं टोक कुठे उघडं राहणार, खांब कशावर उभा राहणार, जोड कशाने होणार, हे चार प्रश्न आधी विचारा. लाकूड कोणतं हा पाचवा. पहिल्या चारांची उत्तरं नीट मिळाली तर ऐन किंवा फणसाचा जिनाही बरीच वर्षं चालेल. ती नसतील तर सागवानाचे पैसे वाचवा आणि चिऱ्याच्या पायऱ्या बांधा.