तेरच्या त्रिविक्रमाची वहिवाट

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर हे गाव संत गोरोबाकाकांच्या समाधीमुळे वारकऱ्यांच्या नित्य स्मरणातले आहे. परंतु पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ ही सागरी व्यापाराची मार्गदर्शिका लिहिणाऱ्या ग्रीक ग्रंथकाराला ते ‘तगर’ या नावाने ठाऊक होते, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या पेठेतून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून, बिकट वाटांनी भडोच बंदराकडे रवाना होत असे, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

त्या वैभवाचे वाडे, वखारी आणि बाजार मातीखाली गेले. त्यानंतरच्या काळातली, विद्वान पाचव्या शतकाच्या आसपासची मानतात ती एक विटांची वास्तू मात्र उभी आहे: त्रिविक्रमाचे मंदिर. समोरून पाहणाऱ्यास सपाट छताचा मंडप दिसतो व काही विशेष वाटत नाही. पण प्रदक्षिणेच्या वाटेने मागे गेल्यावर भिंत अर्धवर्तुळात वळलेली आणि तिच्यावरचे छत हत्तीच्या पाठीसारखे फुगीर दिसते, तेव्हा कार्ले-भाज्याची चैत्यगृहे पाहिलेल्या माणसाला ओळख पटते. विटांचा एकेक थर किंचित आत सरकवत दोन्ही भिंती माथ्याशी मिळवल्या, आणि हे गजपृष्ठाकार छत सिद्ध झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी, हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना, पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी या घाटाचे महत्त्व अभ्यासकांपुढे मांडले.

हा घाट केवळ आपल्याकडचाच नव्हे. रोमन सभागृहावरून घडलेल्या प्राचीन ख्रिस्ती चर्चलाही असाच लांबट गाभा आणि शेवटी अर्धगोल कोनाडा असतो. म्हणूनच वास्तुकलेचा इतिहास लिहिणाऱ्या फर्ग्युसनसारख्या पंडिताला कार्ल्याचे लेणे पाहताना इंग्लंडमधील नॉर्विचच्या मध्ययुगीन, दगडी चर्चची आठवण झाली. डोंगरात कोरलेली अशी चैत्यगृहे अनेक आहेत. परंतु मोकळ्या जमिनीवर बांधलेली, छतासह टिकलेली उदाहरणे अत्यंत विरळ. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर हे तेरचे भावंड.

आत आज बळीने दिलेले दान मोजण्यासाठी पाऊल उचललेला विष्णू उभा आहे. ही वास्तू मूळची बौद्ध, असे कझिन्स यांचे मत. काही अभ्यासक ती प्रथमपासूनच वैदिक परंपरेची मानतात. वादाचा निकाल कसाही लागो, एक गोष्ट त्यामुळे बदलत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाला सह्याद्रीच्या कातळाचे बळ लाभले, म्हणून त्याची उपासना खंडित झाली तरी ते टिकले. विटेला ते बळ नव्हते. तिला दरवर्षीच्या पावसापासून जपणारे, पडलेला थर पुन्हा बसवणारे, सांजवात लावणारे कोणी तरी हवे होते, आणि तेरात ते पिढ्यान्‌पिढ्या मिळत गेले.

जमिनीच्या दाव्यात सनद गहाळ झाली तरी अखंड वहिवाट सिद्ध करता येते. त्रिविक्रमाच्या मंदिराची मूळ सनद कोणाच्याच दफ्तरी नाही. थापटण्याने कच्चे-पक्के मडके पारखणाऱ्या गोरोबाकाकांच्या या गावी मातीचीच ही वास्तू आपली वहिवाट मात्र रोज संध्याकाळी नव्याने शाबीत करते.