शीत प्रदेशातील गृहतापनाचा खर्च : रेजायना येथील १९७७ च्या प्रयोगगृहाच्या आधारे विवेचन

ज्या प्रदेशात हिवाळ्याचे चार दिवस गोधडी व शेगडी यांवर निभावतात, तेथील वाचकास 'गृहतापन' ही घरखर्चातील स्वतंत्र बाब सहसा परिचित नसते. कॅनडातील सास्कॅचेवान प्रांताची गोष्ट निराळी आहे. तेथे हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे यात नवल नाही. घरोघरी तळघरात भट्टी बसविलेली असते व वर्षातील निम्म्याहून अधिक काळ ती जळत असते. एखाद्या स्थळाची थंडी मोजण्यासाठी 'अंश-दिन' हे परिमाण वापरतात. दिवसाचे सरासरी तापमान १८ अंशांच्या जितके अंश खाली, तितके त्या दिवसाचे अंश-दिन. वर्षभराची त्यांची बेरीज म्हणजे त्या स्थळाची तापनविषयक गरज. प्रांताची राजधानी रेजायना येथे ही बेरीज साडेपाच हजारांवर जाते.

भट्टी घराला उष्णता पुरविते असे आपण म्हणतो. हे विधान चूक नसले तरी अपुरे आहे. घर एकदा २० अंशांपर्यंत तापले की पुढे भट्टी केवळ बाहेर गेलेल्या उष्णतेची भरपाई करीत राहते. सबब इंधनाचे बिल हे वस्तुतः गळतीचे बिल होय. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही, अंगातील उष्णता राखते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु घराच्या बाबतीत हा साधा विचार धोरण म्हणून स्वीकारला जाण्यास १९७३ चे तेलसंकट यावे लागले.

त्या संकटानंतर प्रांतिक शासनाने सास्कॅचेवान संशोधन परिषदेकडे तेथील हवामानास योग्य अशा सौर घराची मागणी केली. काम हाती घेणाऱ्या मंडळींत राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या सॅस्कटून येथील केंद्रातील अभियंते हॅरल्ड ऑर हे होते. सूर्यावर मुख्य भिस्त ठेवण्यातील अडचण या मंडळींच्या लवकरच ध्यानी आली. रेजायना सुमारे साडेपन्नास अंश उत्तर अक्षांशावर आहे. दक्षिणायनाच्या अखेरच्या दिवशी भर दुपारीही सूर्य तेथे क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येतो. लेह येथे त्याच दिवशी तो ३२ अंशांवर असतो. लडाखमध्ये दक्षिणेकडील काचेच्या भिंतीने पुष्कळसे काम भागते, ते रेजायना येथे भागण्यासारखे नाही. कारण जेव्हा उष्णतेची निकड सर्वांत अधिक, तेव्हाच तेथे दिवस सर्वांत लहान असतो. म्हणून मिळकत वाढविण्याऐवजी गळती कमी करण्याकडे मोर्चा वळविण्यात आला.

१९७७ साली उभे राहिलेले 'सास्कॅचेवान कन्झर्व्हेशन हाउस' दिसावयास एक साधी दुमजली पेटी होती. पेटीचा आकार हेतुपुरस्सर निवडला होता. कारण तेवढ्याच घनफळास बाह्य पृष्ठभाग कमी लागतो. भिंतींतील उष्णतारोधक थर इतका जाड होता की दर चौरस मीटरमधून तापमानांतराच्या दर अंशास केवळ ०.१४ वॉट उष्णता निसटावी. छपरात हा आकडा ०.१ वॉटच्याही किंचित खाली होता. घराच्या आतल्या अंगास पॉलिथीनचे सलग आवरण घेतले होते. या सर्वांमुळे कडाक्याच्या थंडीतही सुमारे ३ किलोवॉट उष्णता घरास पुरेशी होई, म्हणजे विजेच्या दोन-तीन साध्या हीटरांएवढी. माणूस स्वस्थ बसलेला असतानाही सुमारे १०० वॉट उष्णता देतो. दिवे, चूल व इतर उपकरणे यांची भर निराळी. अशा घरात या किरकोळ मिळकतीलाही मोल येते.

घरावर निर्वात नळ्यांचे सौर-संग्राहकही बसविले होते, आणि प्रयोगातील सर्वांत बोलका भाग कदाचित हाच असावा. ही यंत्रणा महाग होती, तिची देखभाल त्रासदायक ठरली व पुढे ती काढून टाकण्यात आली. घर मात्र तिच्यावाचूनही काटकसरीचेच राहिले.

आता उष्णता नेमकी कोठून जाते ते पाहू. सामान्य माणूस भिंतीकडे किंवा खिडकीकडे बोट दाखवितो. ऑर यांनी पुढे सांगितलेली स्थूल वाटणी अशी : भिंतींतून सुमारे १० टक्के, छतातून १०, खिडक्या-दारांतून १०, तळघरातून ३०, आणि केवळ हवेच्या गळतीतून ३० ते ४० टक्के. प्रत्येक घरास हे प्रमाण जसेच्या तसे लागू पडणार नाही. तथापि अनुक्रम महत्त्वाचा आहे. ज्याकडे कोणाचेच लक्ष नसते त्या फटीच सर्वांत मोठ्या खर्चाचे कारण ठरतात.

या गळतीमागील कारण साधे आहे. आतील उबदार हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड. आत २० अंश व बाहेर उणे ३० अंश असता पाच मीटर उंचीच्या घरात या फरकाने सुमारे १२ पास्कल दाब निर्माण होतो. संपूर्ण घरच धुराड्याप्रमाणे वागू लागते : वरच्या फटींतून उबदार हवा निसटते आणि तळाकडच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. यास्तव पोटमाळ्यावर जाण्याचे झाकण, दिव्यांच्या तारांची भोके आणि पाया व लाकडी सांगाडा यांमधील सांधा ही स्थळे खिडकीच्या तावदानाहून अधिक नुकसानकारक असतात. दारात मोठा पंखा बसवून घरातील व बाहेरील दाबांत ५० पास्कलचा फरक उत्पन्न करावयाचा आणि तासाभरात घरातील हवा किती वेळा बदलते ते मोजावयाचे, अशी परीक्षेची रीत आहे. पंखा चालू असता सांध्यापाशी उदबत्ती धरली की धुराची रेघ कोठे वाकते यावरून फट सापडते. रेजायना येथील घराचा आकडा सुमारे ०.८ होता, त्या काळाच्या मानाने तो असामान्य म्हणावा लागेल.

उदाहरणादाखल ५०० घनमीटर घनफळाचे एक घर घेऊ. त्यातील निम्मी हवा दर तासाला आपोआप बदलत असेल, तर दर अंशास ८३ वॉट या हिशेबाने ५,५०० अंश-दिनांच्या हिवाळ्यात सुमारे ११,००० युनिट उष्णता नुसत्या हवेबरोबर जाते. तेच घर घट्ट केले, आवश्यक तेवढी ताजी हवा यंत्राने घेतली व जाणाऱ्या हवेतील ७० टक्के उष्णता येणाऱ्या हवेस दिली, तर हा आकडा ३,००० युनिटांच्या आसपास येतो.

रोधक थराच्या जाडीस मात्र घटत्या फळाचा नियम लागू पडतो. थर दुप्पट केला की गळती निम्मी होते, पुन्हा दुप्पट केला की त्या निम्म्याची निम्मी. खर्च दर वेळी वाढतो, बचत आक्रसत जाते. यावरून जाड थर व्यर्थ आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. गरज पुरेशी खाली आली की मोठी भट्टी व तिचे नळ यांचाच खर्च वाचतो. वोल्फगांग फाइस्ट व बो अ‍ॅडमसन यांनी मांडलेल्या आणि १९९१ साली डार्मस्टाट येथील चार घरांच्या रांगेत उतरलेल्या 'पॅसिव्ह हाउस' कल्पनेचा आर्थिक पाया हाच आहे. तापनाची कमाल गरज दर चौरस मीटरास १० वॉटच्या घरात आली की ताज्या हवेबरोबरच ती भागविता येते.

नव्या घराची गोष्ट सोपी. खरा प्रश्न उभ्या घरांचा. त्यावर ऑर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली सॅस्कटून येथे एक धाडसी उपाय योजला. जुन्या घराच्या वळचणी त्यांनी चक्क यांत्रिक करवतीने कापून टाकल्या, भिंती व छप्पर यांवर बाहेरून पॉलिथीनचे अखंड आवरण ओढले, त्यावर जाड रोधक थर चढविला आणि मग वळचणी पुन्हा जोडल्या. हवेच्या गळतीचा आकडा २.९५ वरून ०.२९ वर आला. बाहेर उणे ३४ अंश असता लागणारी उष्णता १३.१ किलोवॉटवरून ५.४५ किलोवॉटवर उतरली. भट्टी तीच ठेवून हे साधले असते तरी इंधन निम्म्याहून कमीच लागले असते.

रात्री तापमान उतरवून ठेवावे की नाही, याविषयी उगाच वाद घातला जातो. गळती तापमानांतराच्या प्रमाणात असते. बाहेर उणे १० असता आतले २० अंशांवरून १८ वर आणले, तर तेवढ्या वेळेपुरते सुमारे ७ टक्के वाचतात. पहाटे घर पुन्हा तापविण्यास ही बचत खर्ची पडते, हा समज निराधार आहे. मात्र उत्तम आवरणाच्या घरात रात्रभरात तापमान फारसे उतरतच नसल्याने तेथे या युक्तीचा लाभ थोडा.

घट्ट घराचे दोन धोके सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. पहिला आर्द्रतेचा. फटीवाटे भिंतीत शिरलेली दमट हवा थंड भागी पोहोचली की तिच्यातील बाष्प तेथे गोठते आणि वसंतात वितळून लाकूड कुजविते. म्हणून शीत प्रदेशात बाष्परोधक आवरण उबदार बाजूसच हवे. सॅस्कटून येथील घरावर ते जुन्या भिंतीच्या बाहेर घेतले होते खरे, पण त्याच्याही बाहेर जाड थर असल्याने ते उबदारच राहिले. दुसरा धोका माणसाच्या जिवाशी निगडित आहे. भट्टी घरातीलच हवा घेऊन जळत असेल व फटी बुजल्याने तिला हवा अपुरी पडू लागली, तर धुराड्यातील वायू उलटून घरात येतात, आणि त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. जमिनीतून येणारा रेडॉन वायूही कोंडलेल्या घरात साठतो. सास्कॅचेवान विद्यापीठातील रॉबर्ट बेझंट यांच्या गटाने उष्णता-विनिमयकावर केलेल्या कामाचे महत्त्व येथे कळते. जाणारी व येणारी हवा पातळ पडद्यांच्या दोन्ही अंगांनी वाहते, मिसळत नाही, परंतु उष्णता देते-घेते. कडक थंडीत जाणाऱ्या हवेतील बाष्पाचे हिम होऊन वाटा तुंबतात, सबब मधूनमधून ते वितळविण्याची सोय ठेवावी लागते. जुन्या घराच्या फटी बुजविण्यास हात घालण्यापूर्वी भट्टीला बाहेरून स्वतंत्र हवा मिळते की नाही हे तपासणे, आणि नसल्यास ती व्यवस्था आधी करणे, हा या कामातील पहिला टप्पा होय. खिडक्या बदलण्याचा खर्चिक टप्पा सर्वांत शेवटी येतो.