घरच्या संगणकाचा दुभाषी

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इत्यादि आपल्या उपनगरांतील पुष्कळ घरांत आतां संगणकाचा प्रवेश झाला आहे. यंत्र सुरळीत चालतें तोंपर्यंत त्याची कोणी विचारपूस करीत नाहीं. परंतु एखाद्या सायंकाळीं त्याचा पडदा अकस्मात् काळा पडला, अगर त्यावरील चित्रें लुकलुकूं लागलीं, म्हणजे साऱ्या घराची त्रेधा उडते. मुलास दुसऱ्या दिवशीं द्यावयाच्या प्रकल्पाची काळजी, आणि वडीलधाऱ्यांस खर्चाची! वास्तविक अशा प्रसंगीं पुष्कळदां यंत्र मोडलेलें नसतें. त्याचा दुभाषी तेवढा बिघडलेला असतो. हा दुभाषी कोण, तो कां बिघडतो, आणि त्यास पुन्हां ताळ्यावर कसें आणावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

गेल्या पावसाळ्यांतील आमच्याच घरची गोष्ट घ्या. संगणक सुरू केला कीं प्रारंभीं उत्पादकाची मुद्रा पडद्यावर स्वच्छ उमटे, आणि मग विंडोज सुरू होण्याच्या वेळीं सर्वत्र अंधार होई. जवळच्या एका दुरुस्तीवाल्यानें 'ग्राफिक्स कार्ड जळालें, नवें घ्या,' असा निकाल दिला. नव्या कार्डाची किंमत ऐकून आमचे डोळे पांढरे झाले. तरी ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन तें आणावें, असें आम्हीं ठरविलेंच होतें. इतक्यांत नववींत शिकणारी आमची भाची म्हणाली, "मामा, कार्ड जळालें असतें, तर सुरुवातीची मुद्रा तरी कशी दिसली असती?" आम्ही निरुत्तर झालों. मग आठवलें कीं, आदल्या रात्रीं ड्रायव्हरची नवी आवृत्ति बसत असतांनाच वीज गेली होती. पुढें सांगितलेल्या रीतीनें तासाभरांत काम झालें, आणि एक पैसाही लागला नाहीं.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. संगणकाचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी होय. नेहमींच्या पडद्यावर रुंदींत १९२० व उंचींत १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० झाले. ही रांगोळी सेकंदास साधारणतः ६० वेळां नव्यानें मांडावी लागते, म्हणजे दर सेकंदास १२ कोटींहून अधिक ठिपके भरावे लागतात. या कामासाठीं जो स्वतंत्र कारागीर ठेवितात, तोच ग्राफिक्स प्रोसेसर. आणि तो ज्या पट्टीवर बसविलेला असतो, तें ग्राफिक्स कार्ड. कित्येक संगणकांत असें वेगळें कार्ड नसतें. तेथें मुख्य प्रोसेसरच्याच पोटांत या कारागिराची लहानशी खोली असते.

विंडोज सर्वांस एकाच भाषेंत आज्ञा देतें. परंतु एनव्हिडिया, एएमडी, इंटेल या प्रत्येकाच्या कारागिराची बोली निराळी. म्हणून मध्यें दुभाषी लागतो. तोच ड्रायव्हर. तो हातांत धरतां येण्याजोगी वस्तु नसून एक प्रोग्रॅम आहे. आपल्या चाळींत मराठी, गुजराती व तमिळ बिऱ्हाडें शेजारीं शेजारीं राहतात. त्यांच्यामधला दुभाषी चुकला, तर बोलणाऱ्याचा दोष नसतो, ऐकणाऱ्याचाही नसतो, पण काम मात्र अडतें. संगणकाचेंही तसेंच होतें.

हा दुभाषी बिघडण्याचीं कारणें ठराविक आहेत. नवी आवृत्ति बसत असतांना वीज जाणें. जुन्या आवृत्तीचे अवशेष नवीत मिसळणें. दुसऱ्याच कार्डासाठीं असलेला ड्रायव्हर बसविणें. आणि विंडोजनें अपडेट करतांना आपण होऊन दुसरा ड्रायव्हर घालणें, हीं त्यांतील मुख्य होत.

एका लहानशा प्रोग्रॅमनें सारा संगणक कसा थांबावा, अशी शंका बालवाचकांस येईल. त्याचें उत्तर असें कीं, ड्रायव्हरला विंडोजच्या अगदीं गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असतो. तेथें त्यानें गोंधळ केला, तर पुढील हानि टाळण्यासाठीं विंडोज सर्वच काम थांबवितें. याचें मोठें उदाहरण १९ जुलै २०२४ रोजीं जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक प्रोग्रॅमसाठीं एक सदोष फाइल जगभर धाडली. त्या प्रोग्रॅमचा ड्रायव्हर, नोंदी २० असतां, २१ वी वाचावयास गेला. आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ८५ लाख संगणक बंद पडले. अंधेरी-विलेपार्ल्यालगतच्या आपल्या विमानतळावरही त्या दिवशीं प्रवाशांच्या नोंदी हातानें करण्याची पाळी आली. ती फाइल दीड तासाच्या आंतच मागें घेण्यांत आली होती. तरी असंख्य यंत्रांपुढें एकेक माणूस बसवून, 'सेफ मोड' नांवाच्या अवस्थेंत तीं सुरू करून, सदोष फाइल काढून टाकावी लागली. तो ड्रायव्हर चित्रांचा नव्हता. परंतु तेथें कामास आलेला सेफ मोड घरींही तितकाच कामास येतो.

आतां उपायांचा क्रम सांगतों. एका वेळीं एकच गोष्ट करावी, आणि ती केल्यावर यंत्र तपासून मगच पुढें जावें. चार गोष्टी एकदम केल्या, तर गुण कशानें आला हें कळत नाहीं. पडद्यावर कांहीं संदेश आला असल्यास त्याचें छायाचित्र प्रथम फोननें घेऊन ठेवावें.

पहिली गोष्ट, तारा पाहाव्या. पडद्याची तार सैल झालेली नाहीं ना, आणि वेगळें कार्ड असल्यास ती त्या कार्डालाच जोडली आहे ना, याची खातरी करावी.

दुसरी गोष्ट, दोष केव्हां दिसतो तें पाहावें. हाच आमच्या भाचीचा प्रश्न. विंडोजबरोबर येणारा ड्रायव्हर उत्पादकाच्या मुद्रेनंतर कामावर येतो. म्हणून त्या मुद्रेवरच रेघोट्या अगर ठिगळें दिसत असतील, तर त्या ड्रायव्हरला बोल लावूं नये. दोष कार्डाचा, तारेचा किंवा पडद्याचा असण्याचा संभव अधिक. मुद्रा स्वच्छ आणि विंडोज येतांच अंधार, असें असल्यास ड्रायव्हरचा संशय घ्यावा.

तिसरी गोष्ट, यंत्र चालू असून केवळ पडदा गोठला असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी ह्या चार कळा एकदम दाबाव्या. त्यानें दुभाषी नव्यानें कामावर रुजू होतो, आणि उघडें असलेलें काम सहसा वांचतें.

चौथी गोष्ट, सेफ मोड. शिफ्ट कळ दाबून धरून 'रिस्टार्ट' निवडावें. मग 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' व 'रिस्टार्ट' या मार्गानें जाऊन ४ चा आंकडा दाबावा. पडदाच दिसत नसेल, तर विंडोज सुरू होतांना विजेचें बटण दाबून धरून यंत्र दोनतीन वेळां बंद करावें; म्हणजे दुरुस्तीचें पान आपोआप उघडतें. कांहीं यंत्रांत या वेळीं ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत ठेवलेली असते. सेफ मोडमध्यें विंडोज उत्पादकाच्या दुभाष्यास रजा देऊन आपला साधा दुभाषी वापरतें. चित्र ओबडधोबड दिसेल. पण तें स्थिर असेल, तर ड्रायव्हरवरील संशय दृढ झाला म्हणावयाचा.

पांचवी गोष्ट, मागील आवृत्तीकडे परतणें. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' खालीं आपल्या कार्डाचें नांव शोधावें, आणि त्याच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'ड्रायव्हर' या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हें बटण दाबावें. तें फिकट दिसत असेल, तर जुनी आवृत्ति शिल्लक नाहीं असें समजावें.

सहावी गोष्ट, ड्रायव्हर समूळ काढून नव्यानें बसविणें. आधीं योग्य ड्रायव्हर उतरवून घ्यावा: वेगळ्या कार्डाचा कार्ड-प्रोसेसरच्या उत्पादकाकडून, लॅपटॉपचा शक्यतों लॅपटॉप बनविणाऱ्याकडून. मग इंटरनेट तोडून, डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर फायलींसह काढावा, यंत्र पुन्हां सुरू करावें, आणि नवा बसवावा. इंटरनेट तोडण्याचें कारण इतकेंच कीं, मधल्या काळांत विंडोजनें आपल्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवूं नये. कार्ड फार जुनें असेल, तर उत्पादकानें त्याच्यासाठीं काढलेली शेवटची आवृत्तीच घ्यावी. सर्वांत नवी ती सर्वांत चांगली, हा नियम येथें चालत नाहीं. 'तुमचे सर्व ड्रायव्हर क्षणांत सुधारतों,' असें सांगणाऱ्या अनोळखी प्रोग्रॅमांच्या नादीं तर मुळींच लागूं नये.

इतकें करूनही दोष राहिला, अथवा खेळ सुरू होऊन यंत्र तापल्यावरच तो दिसूं लागला, तर खरोखरीच वस्तूंत बिघाड असूं शकतो. मुंबईची हवा खारी व दमट; धूळ पंख्यांत चिकटून बसते व उष्णता कोंडते. वीज तोडून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं, कोरड्या मऊ ब्रशानें ती काढावी. तरीही गुण न आल्यास कार्ड एखाद्या स्नेह्याच्या संगणकांत लावून पाहावें. तेथेंही तें रुसलें, तर मात्र दुकानाची वाट धरण्यास हरकत नाहीं.

असो. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, पडदा काळा झाला म्हणून प्रथम मुलावर रागावूं नये आणि प्रथम पैशाची पिशवीही सोडूं नये. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, आपलें लिखाण नेहमीं दुसऱ्या एखाद्या ठिकाणीं उतरवून ठेवावें, आणि वीज जाण्याची भीति असतां ड्रायव्हर बदलावयास घेऊं नये. कार्ड जळालें, असें दुरुस्तीवाल्यानें सांगितलें आणि आम्हीं तें मानलें. एका मुलीनें मात्र 'तर मग हें कसें दिसतें?' असें विचारलें. त्या एका प्रश्नानें आमचे हजारों रुपये वांचले. असा प्रश्न विचारण्याची संवय ज्यास लागली, त्याचें संगणकापुढेंच काय, पण कोठेंही अडणार नाहीं.