पिकसाठी पोलाद

पिन-टंबलर कुलपातल्या पिना किल्लीऐवजी ज्या बारीक हत्याराने एकेक करून उचलतात, त्याला पिक म्हणतात. लायनस येल ज्युनिअर यांनी 1860च्या दशकात पेटंट घेतलेली ही रचना आज जगभरच्या दारांवर आहे, आणि स्वतःच्या मालकीची, वापरात नसलेली कुलपे छंद म्हणून उघडणारे हौशी कारागीर अमेरिकेत नि युरोपात बरेच आहेत. त्यांतले अनेकजण पिक घरीच घासून तयार करतात. घडणीच्या कौशल्याइतकीच धातूची निवडही इथे महत्त्वाची ठरते.

किल्लीचे भोक अरुंद आणि नागमोडी असते. म्हणून पत्रा साधारण 0.4 ते 0.7 मि.मी. जाडीचा लागतो. कडक पोलाद घेतले की पिक कमी वाकेल, हा समज मात्र चुकीचा आहे. मऊ असो वा कडक, सर्व पोलादांचा ताठपणा जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो जोर काढल्यावर: कडक पट्टी मूळ जागी परत येते, मऊ पट्टी वाकलेलीच राहते. ताठपणा हवा असेल तर तो दांड्याच्या उंचीतून मिळवावा लागतो. पिना उचलताना दांडा कडेवर वाकतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. दांडा हौसेने फार नाजूक घासला, तर उत्तम पोलादही वाया जाते.

केसांच्या पिना आणि कागदाच्या क्लिपा इथेच बाद होतात, कारण त्यांची तार मऊ असते. हॅक्सॉ ब्लेड सहज मिळते, आणि सुमारे 0.65 मि.मी. जाडीही सोयीची. पण त्यातही प्रकार आहेत. स्वस्त कार्बन पोलादाच्या काही ब्लेडचे फक्त दातच कडक असतात, पाठ मऊ असते. पूर्ण कडक हायस्पीड ब्लेड काचेसारखे तुटते. बायमेटल ब्लेडमध्ये कडक दातांची पट्टी चिवट पाठीला जोडलेली असते. दात घासून टाकले की उरणारी पाठ कामाची. दुकानात ओळखता येत नसेल तर जुन्या ब्लेडचा तुकडा फडक्यात गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून वाकवून पाहावा. तो वाकून तसाच राहिला, मोडला की सरळ झाला, यावरून निर्णय होतो.

फिलर गेजच्या पात्यांना ही परीक्षा सहसा लागत नाही. गॅरेजमध्ये वाल्वची फट मोजायला वापरली जाणारी ही पाती स्प्रिंग पोलादाची असतात आणि जाडी प्रत्येकावर कोरलेली असते. नवशिक्याने यांपासूनच सुरुवात करावी.

अशा कार्बन पोलादाचे पाणी ग्राइंडरवर सहज उतरते. चाकाला टेकलेल्या कडेवर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, जांभळा, आणि 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळा. निळा ओसरून राखाडी झाला की ती कड मऊ पडलेली असते; नंतर पाण्यात बुडवूनही गेलेला कडकपणा परत येत नाही. म्हणून थोडे घासावे, लगेच बुडवावे, आणि टोकाचे शेवटचे काम कानशीने करावे. हायस्पीड पोलाद याहून बरीच उष्णता सोसते. 301 जातीच्या स्टेनलेसचा कडकपणा थंड लाटणीतून आलेला असतो, तोही इतक्या तापाने जात नाही. शिवाय ते लवकर गंजत नाही.

पिकबरोबर भोकावर हलका पीळ ठेवणारी दुसरी पट्टीही लागते. तिला टोकाशी काटकोन असतो, आणि फिलर गेजचे पाते थंडच इतके मुरडले तर बहुधा तडकते. तेवढाच भाग लालभडक करून वाकवता येतो, मात्र तो मऊ होतो. त्यापेक्षा जुन्या गाडीच्या वायपरच्या रबरात बसवलेली स्टेनलेसची पट्टी बरी. ती पक्कडीने थंडच वळते आणि पिळाखाली टिकते.