तुंब्याचा वेल
गडचिरोलीतल्या भामरागडकडच्या माडिया आदिवासी घरामागची वाडी घराची रीत सांगते. मका, वाल, अंबाडी, मिरची आणि कुंपणावर दुधी भोपळ्याचा वेल. त्याची जून फळे वाळवून, कोरून तुंबे होत. शेतावर पाणी किंवा आंबील तुंब्यातून जाई, वाढायला डावही त्याचाच. मग रस्ता, आश्रमशाळा, बाजार आले आणि प्लास्टिकची बाटली आली. वेल हवामानामुळे कमी झाला, हे मला पटत नाही. भाजीचा कोवळा दुधी त्याच मातीत आजही धरतो. मागे पडतो आहे तो भांड्याचा दुधी, कारण त्याचे काम दुसऱ्याने घेतले.

कोणी म्हणेल, बाटली हलकी, फुटत नाही, कोरण्याचे कष्ट वाचले. मग हळहळ कशाला? कष्ट वाचले हे खरे आणि मोलाचेही. राज्याच्या ‘उमेद’ ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या पोषण परसबागांनी गावोगावी भाजीपाल्यात भर घातली, तेही चांगलेच. मात्र या बागा ताटाचा विचार करतात. तुंब्याला हवा तसा गळा आणि पोट असलेल्या फळाचे बी घरीच निवडून राखावे लागते, आणि काही पावसाळे ते पेरलेच नाही, तर त्याची उगवण्याची ताकद ओसरते.